जाळीत धरलेलं पाणी

जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठात 1911 च्या सुमाराला कार्ल हिमेन्झ नावाचा विद्यार्थी एका साध्या प्रयोगाने हैराण झाला होता. त्याचे गुरू लुडविग प्रांट्ल यांनी त्याला काम दिलं होतं ते असं: पाण्याचा एक पाट, त्यात आडवा धरलेला गोल दंडगोल, आणि त्याच्या पृष्ठभागावर ठिकठिकाणी किती दाब पडतो याची मोजदाद. पाणी संथ आणि एकसारखं सोडलेलं, दंडगोल घट्ट बसवलेला. तरीही दाब स्थिर राहीना. दंडगोलामागचं पाणी सारखं डावीकडे-उजवीकडे हेलकावत होतं. प्रांट्ल म्हणाले, दंडगोल नीट गोल नसणार. हिमेन्झने तो घासून-तासून अचूक केला. हेलकावे चालूच. मग पाटाच्या दोन्ही भिंती सारख्या नसतील असं ठरलं, त्याही दुरुस्त झाल्या. पाणी ऐकेना.

तिथेच काम करणारा थिओडोर फॉन कार्मान रोज सकाळी प्रयोगशाळेत डोकावून प्रवाह स्थिर झाला का, अशी चौकशी करायचा आणि रोज तेच रडगाणं ऐकायचा. अखेर त्याला वाटलं, दोष प्रयोगात नसून पाण्याचा स्वभावच असा असेल तर? शनिवार-रविवारी बसून त्याने हिशेब मांडला. खांबामागे सुटणारे भोवरे दोन समांतर ओळींत समोरासमोर असतील तर ती रचना टिकत नाही. एका ओळीतला भोवरा दुसऱ्या ओळीतल्या दोघांच्या मधोमध आला तरच ती तग धरते, तीही ओळींमधलं अंतर आणि भोवऱ्यांमधलं अंतर यांचं प्रमाण सुमारे 0.28 असेल तर. ही झाली कार्मानची भोवऱ्यांची माळ. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून सुटणारे भोवरे. हिमेन्झचा दंडगोल बहुधा पहिल्यापासूनच पुरेसा गोल होता.

खांब सममित, पाणी सममित, आणि तरी प्रवाह असममित. वाहत्या द्रवात अडथळा ठेवला की काय होतं हे संगणकावर काढायला निघालेल्या प्रत्येकाची या कोड्याशी गाठ पडते. या प्रकरणात आपण बहुतेक वेळ याच गोल खांबापाशी थांबणार आहोत. त्याच्याइतका साधा आकार दुसरा नाही आणि त्याच्याइतका छळणाराही नाही.

प्रवाह कसा वागेल हे ठरवणारी एक संख्या आहे, रेनॉल्ड्झ अंक. मँचेस्टरच्या ऑसबोर्न रेनॉल्ड्झ यांनी 1883 मध्ये काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडून दाखवलं की एका मर्यादेपर्यंत ती धार सरळ राहते आणि त्यापुढे फिसकटून सगळीकडे पसरते. वेग गुणिले अडथळ्याची रुंदी, भागिले द्रवाची श्यानता म्हणजे चिकटपणा, की हा अंक मिळतो. त्याला एकक नाही. ओढ्यात बोट धरलं तर तो दोन-तीन हजार येतो. पावसाळ्यात सेकंदाला 3 मीटर वेगाने वाहणाऱ्या नदीतल्या 2 मीटर जाडीच्या पुलाच्या खांबासाठी तो 60 लाखांच्या घरात जातो.

अंक चार-पाचच्या खाली असेल तर पाणी खांबाला वळसा घालून मागे पुन्हा निमूट जुळतं. त्यानंतर खांबाच्या पाठीशी दोन भोवरे जोडीने ठाण मांडतात, पण हलत नाहीत. 47 च्या आसपास ते डुलायला लागतात आणि कार्मानची माळ सुटते. 190 च्या पुढे ही माळ सपाट राहत नाही, खांबाच्या लांबीच्या दिशेनेही पिळली जाते. काही शेकड्यांनंतर मागचा सगळा पट्टा संक्षुब्ध होतो. इंजिनिअर त्याला सरळ टर्ब्युलंट म्हणतात. गंमत अशी की इतका गोंधळ माजला तरी मोठे भोवरे बऱ्यापैकी ठेक्यात सुटत राहतात: वेग भागिले खांबाची जाडी, त्याचा साधारण पाचवा हिस्सा, ही त्यांची दर सेकंदाची संख्या. वाऱ्यात विजेच्या तारा गुणगुणतात तो हाच ठेका. चेक शास्त्रज्ञ स्ट्रौहाल यांनी तो 1878 मध्येच मोजला होता.

पण खरी मेख खांबाच्या अंगालगत आहे. घन पृष्ठभागाला टेकलेला पाण्याचा थर हलतच नाही, तो चिकटून बसतो. त्याच्या वरचा थर थोडा सरकतो, त्यावरचा आणखी थोडा. शून्यापासून पूर्ण वेगापर्यंतची ही चढण अगदी पातळ पट्ट्यात उरकते. तो सीमास्तर. प्रांट्ल यांनी 1904 मध्ये हायडेलबर्गच्या गणित परिषदेत जेमतेम दहा मिनिटांत ही कल्पना मांडली आणि दीडशे वर्षांचा एक पेच सोडवला. फ्रेंच गणिती दालांबेर यांनी 1752 मध्ये दाखवलं होतं की चिकटपणा शून्य धरला तर एकसारख्या प्रवाहात ठेवलेल्या वस्तूला काहीच ओढ लागू नये. नदीत एकदा पाय टाकलेला माणूसही हे मान्य करणार नाही. उत्तर सीमास्तरात होतं. खांबाच्या पुढच्या अर्ध्यावर पाणी वेग घेतं, मागच्या अर्ध्यावर त्याला वाढत्या दाबाविरुद्ध जावं लागतं. सीमास्तरातलं पाणी आधीच मंदावलेलं, त्याचा दम संपतो आणि ते पृष्ठभाग सोडून देतं. जिथे सोडतं तिथून मागे भोवऱ्यांचं राज्य, कमी दाब, आणि म्हणून ओढ.

आता यातली वाकडी गोष्ट पाहा. सीमास्तर स्वतःच संक्षुब्ध झाला तर बाहेरचं वेगवान पाणी घुसळून आत येतं, त्याला नवा दम मिळतो आणि तो पृष्ठभागाला जास्त वेळ चिकटून राहतो. मागचा भोवऱ्यांचा पट्टा अरुंद होतो, ओढ एकदम कमी होते. गोल खांबाच्या बाबतीत रेनॉल्ड्झ अंक 2 ते 4 लाखांच्या दरम्यान ओढीचा गुणांक 1.2 वरून 0.3 च्या आसपास घसरतो. गुस्ताव्ह एफेल, तोच पॅरिसच्या मनोऱ्याचा, याने 1912 मध्ये आपल्या वायुबोगद्यात गोळ्यांवर ही घसरण पकडली. गटिंगेनच्या आकड्यांशी त्याचे आकडे जुळेनात, त्यांच्या निम्मेच येत. 1914 मध्ये प्रांट्ल यांनी गोळ्यावर पातळ तारेचं एक कडं बसवलं, सीमास्तर मुद्दाम बिघडवला आणि ओढ खाली आली. दोघेही बरोबर होते, फक्त घसरणीच्या दोन बाजूंना उभे होते. ताशी 140 किलोमीटरने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूचा अंक 1 लाख 90 हजारांच्या आसपास भरतो, म्हणजे या घसरणीच्या अगदी उंबरठ्यावर. शिवण ज्या बाजूला असते तिथला सीमास्तर संक्षुब्ध होतो, दुसरीकडचा होत नाही. स्विंगचं गुपित बरंचसं इथे आहे.

हे सगळं ज्या समीकरणांत सामावलं आहे ती समीकरणं जुनी आहेत. नाव्हिए यांनी 1822 मध्ये आणि स्टोक्स यांनी 1845 मध्ये ती मांडली. न्यूटनचाच नियम, पाण्याच्या प्रत्येक कणाला लावलेला. लिहायला दोन ओळी, सोडवायला आयुष्यं कमी पडतात. त्रिमितीत त्यांची उत्तरं कायम सुरळीत राहतात का, हे सिद्ध करणाऱ्यासाठी 2000 साली क्ले संस्थेने दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं. ते अजून कुणी नेलेलं नाही.

मग इंजिनिअर काय करतो? प्रवाहाच्या जागेवर जाळी टाकतो. प्रत्येक खणात वेगाचे तीन आकडे आणि दाबाचा एक, आणि शेजारच्या खणांचे आकडे वापरून पुढच्या क्षणाचे आकडे. समीकरणाची बेरीज-वजाबाकी झाली की ती कुणीही करू शकतो, फक्त चिकाटी हवी. स्कॉटलंडचे अलेक्झांडर थॉम यांनी 1933 मध्ये संथ प्रवाहातल्या गोल दंडगोलाचा असा हिशेब हाताने केला. (हेच थॉम पुढे ब्रिटनमधल्या प्राचीन दगडी वर्तुळांची मोजमापं घेत हिंडले आणि त्यासाठीच जास्त ओळखले जातात.) 1953 मध्ये जपानच्या कावागुटी यांनी रेनॉल्ड्झ अंक 40 साठी उत्तर काढलं. टेबलावरचं हाताने चालवायचं गणकयंत्र, आठवड्याला वीस तास, असं दीड वर्ष. अंक 40 का? कारण 47 च्या पुढे भोवरे सुटायला लागतात आणि मग प्रत्येक क्षणाचा वेगळा हिशेब मांडावा लागतो. हाताने करण्याजोगं काम तिथेच संपतं.

पुढचा टप्पा अमेरिकेत, लॉस अलामॉसला गाठला गेला. अणुबॉम्बच्या हिशेबांसाठी आणलेल्या संगणकांवर फ्रान्सिस हार्लो आणि जेकब फ्रॉम यांनी 1963 मध्ये आयताकृती अडथळ्यामागची भोवऱ्यांची माळ क्षणाक्षणाने उलगडत दाखवली. हिमेन्झला जे नको होतं ते यांना हवं होतं, आणि इथे उलटीच अडचण असते. संगणकाच्या जाळीत खांब हुबेहूब गोल, पाणी हुबेहूब सारखं. मग भोवरा आधी डावीकडे सुटावा की उजवीकडे? निष्पक्ष यंत्र बराच वेळ कुठलीच बाजू घेत नाही. म्हणून आजही पुष्कळजण सुरुवातीला प्रवाहाला मुद्दाम एक बारीकसा धक्का देतात. नाहीतर दशांशचिन्हानंतर कुठेतरी दूर झालेली पूर्णांकनाची चूक साठत साठत तेच काम करते, पण वाट पाहावी लागते.

इथवर मामला सोपा होता. घोडं पेंड खातं ते संक्षुब्ध प्रवाहापाशी. मोठ्या भोवऱ्याचे फुटून लहान होतात, लहानाचे आणखी लहान, आणि शेवटी इतके इवले की चिकटपणा त्यांना गिळून टाकतो आणि त्यांच्या हालचालीची उष्णता होते. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान भोवऱ्याचं प्रमाण किती, हे रशियाच्या कोल्मोगोरोव्ह यांच्या 1941 च्या मांडणीतून निघतं: रेनॉल्ड्झ अंकाचा पाऊण घात. आपल्या पुराच्या खांबाला हे लावून पाहू. अंक 60 लाख, खांब 2 मीटर. सर्वांत लहान भोवरा मिलिमीटरच्या सुमारे साठाव्या भागाएवढा, म्हणजे केसाच्या जाडीच्या पाव. तो पकडायचा तर जाळीचे खण तितकेच बारीक हवेत, तिन्ही दिशांना. ढोबळ हिशेबाने खणांची संख्या 1,800 लाख कोटी होते. प्रत्येक खणाचे चार आकडे, आणि काळाची पावलंही तितकीच इवली. नदीचा वेग दुप्पट केला तर काम सात-आठ पटींनी वाढतं.

या मार्गाला थेट सिम्युलेशन म्हणतात, यात काहीही सोडलेलं नसतं. 1987 मध्ये किम, मॉइन आणि मोझर यांनी दोन सपाट भिंतींमधल्या प्रवाहासाठी ते करून दाखवलं तेव्हा सुमारे 40 लाख खण लागले होते, आणि तो प्रवाह पुराच्या मानाने अगदी गरीब होता. संशोधनासाठी हा मार्ग अमूल्य आहे, पण पुलाच्या खांबासाठी निरुपयोगी.

तेव्हा काहीतरी सोडावं लागतं. माझ्या मते या विद्येचा सगळा कस इथे लागतो, आणि संगणकाचा त्यात काहीच हात नसतो. काय सोडायचं हे माणूस ठरवतो.

सर्वांत रुळलेली वाट रेनॉल्ड्झ यांनीच 1895 मध्ये दाखवून ठेवली आहे. क्षणाक्षणाचा वेग सोडा, सरासरी वेगाची समीकरणं लिहा. पण सरासरी काढताना समीकरणांत काही नवी पदं शिल्लक राहतात, भोवऱ्यांनी केलेल्या घुसळणीची, आणि ती काढायला समीकरणं पुरत नाहीत. तिथे अंदाज बसवावा लागतो. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये लाँडर आणि स्पाल्डिंग यांनी सत्तरच्या दशकात बसवलेला के-एप्सिलॉन हा अंदाज आजही जगभर वापरात आहे. त्यातले स्थिरांक सपाट भिंती, साधे फवारे अशा गरीब प्रवाहांच्या मोजमापांवरून काढलेले. भिंतीलगत सरळ वाहणाऱ्या प्रवाहात तो चांगली साथ देतो. खांबामागे, जिथे प्रवाह पृष्ठभाग सोडून गेलेला असतो, तिथे मात्र त्याच्यावर विसंबू नये. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

सरासरी काय करू शकते याचा धडा त्याआधीच मिळाला होता. इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या फेरीब्रिज वीजकेंद्रात आठ शीतमनोरे दोन रांगांत उभे होते, प्रत्येक 375 फूट उंच. 1 नोव्हेंबर 1965 च्या वादळात त्यांतले तीन कोसळले. सुदैवाने कुणी दगावलं नाही. चमत्कारिक गोष्ट ही की पडलेले तिन्ही मागच्या, वाऱ्याच्या आडोशाच्या रांगेतले होते. पुढच्या रांगेच्या फटींतून आणि पाठीमागून सुटलेला खवळलेला वारा त्यांच्यावर आदळला होता. चौकशीत दोन उणिवा पुढे आल्या. वायुबोगद्यात चाचणी झाली होती ती एकट्या मनोऱ्याची, आठांच्या घोळक्याची नव्हे. आणि वाऱ्याचा वेग धरला होता तो मिनिटभराची सरासरी. काही सेकंदांच्या झोताला त्या हिशेबात जागाच नव्हती. मनोरा काही सरासरीने पडत नाही, एखाद्या झोताने पडतो.

दुसरी वाट हवामानशास्त्रातून आली. 1963 मध्ये अमेरिकेच्या जोसेफ स्मॅगोरिन्स्की यांनी वातावरणाच्या प्रारूपासाठी युक्ती काढली: जाळीत मावतील ते मोठे भोवरे खरोखर चालू द्या, जाळीतून निसटणाऱ्या बारीक भोवऱ्यांचा फक्त शोषक परिणाम धरा. मोठे भोवरे खांबाच्या आकारावरून ठरतात, म्हणून त्यांचा अंदाज बांधता येत नाही. बारीक भोवरे सगळीकडे जवळपास सारखेच, म्हणून येतो. खांबामागच्या पट्ट्याला ही रीत छान लागू पडते. अडते ती पुन्हा अंगालगत. सीमास्तरात मोठे भोवरेसुद्धा बारीकच असतात. ताशी 100 किलोमीटरने जाणाऱ्या मोटारीच्या पत्र्यापाशी पहिला खण मिलिमीटरच्या सत्तराव्या भागाएवढा लागतो. इतकी बारीक जाळी अख्ख्या गाडीभोवती तिन्ही दिशांना टाकणं कुणालाच परवडत नाही. म्हणून 1997 मध्ये फिलिप स्पालार आणि सहकाऱ्यांनी तडजोड सुचवली: भिंतीलगत सरासरीची रीत, दूर गेल्यावर भोवऱ्यांची. बोईंगसारख्या ठिकाणी जन्मलेली ही व्यवहारी युक्ती आहे आणि ती पुष्कळदा चालते. दोन रीतींचा सांधा कुठे पडतो यावर मात्र तिचं नशीब अवलंबून.

पुण्यात मोटारींच्या कंपन्यांसाठी हे काम करणारी शेकडो मुलं-मुली आहेत. त्यांच्या बोलण्यात समीकरणं फारशी नसतात. 'मेश बिघडलाय', 'रात्री रन लावून जाते', 'कन्व्हर्ज होत नाहीये', अशी ही भाषा. वेळेचा मोठा वाटा उत्तर काढण्यात नसून जाळी विणण्यात जातो. आरशाचा दांडा, वायपर, चाकाची पोकळी, प्रत्येक कोपऱ्यात खण वेडेवाकडे होतात. यातल्या जवळजवळ प्रत्येकाने शिकताना 'अहमद बॉडी' सोडवलेली असते: 1984 मध्ये अहमद आणि सहकाऱ्यांनी मोजलेला, 1,044 मिलिमीटर लांबीचा, पुढून गोलावलेला आणि मागून तिरका कापलेला मोटारीसारखा ठोकळा. मागचा उतार 30 अंशांच्या जवळ नेत गेलं की ओढ वाढते आणि त्यापुढे अचानक कोसळते. सरासरीच्या रीती 25 अंशांच्या उतारावर हटकून घसरतात. प्रवाह उताराला पुन्हा चिकटतो की नाही, हे त्यांना नीट सांगता येत नाही. चित्र मात्र दोन्ही वेळा तितकंच देखणं, लाल-निळं येतं.

भारतात हे गणित किती निकडीचं होतं याची खूण म्हणजे बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने 1986 मध्ये बनवलेला देशातला पहिला समांतर संगणक. तो प्रवाह सोडवण्यासाठीच होता आणि नावही फ्लोसॉल्व्हर. पुण्याच्या सी-डॅकचा परम 8000 त्यानंतर, 1991 मध्ये आला.

पुन्हा नदीत येऊ. पुलाच्या खांबावर आदळलेलं पाणी समोरच्या बाजूने खाली दबतं, तळाशी आपटतं आणि खांबाच्या पायथ्याला घोड्याच्या नालासारखा वेढा घालून दोन्ही बाजूंनी मागे निघतं. हा नाल-भोवरा वाळू उपसतो. खड्डा पडतो, खड्ड्यामुळे भोवरा मोठा होतो, तो आणखी उपसतो. पूर चढलेला असताना हे सगळं गढूळ पाण्याखाली चालतं आणि पूर ओसरताना वाळू परत भरते, त्यामुळे नंतर उतरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. न्यूयॉर्क राज्यातला स्कोहारी क्रीक या लहान नदीवरचा पूल 5 एप्रिल 1987 रोजी असाच पायाखालची जमीन जाऊन पडला, दहाजण गेले. संगणकाच्या दृष्टीने हा सर्वांत अवघड अडथळा. मोटारीचा पत्रा निदान जागच्या जागी तरी राहतो. इथे जाळीची तळाची बाजूच प्रवाहाबरोबर खचत जाते आणि वाळूचा एकेक कण कधी उचलला जाईल हे त्या क्षणाच्या झोतावर ठरतं. सरासरी इथेही फसवते.

या प्रश्नाशी महाराष्ट्राचं जुनं नातं आहे. 1916 मध्ये मुंबई इलाख्याने सुरू केलेली आणि आज खडकवासल्याला असलेली केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था नद्या, धरणं, बंदरं यांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यांत पाणी सोडते. इंजिनिअर क्लॉड इंग्लिस तिथे असताना पद्मा नदीवरच्या, आता बांगलादेशात असलेल्या हार्डिंज पुलाच्या खांबांभोवतीच्या खड्ड्यांचे प्रयोग पुण्यात झाले. प्रतिकृतीलाही तिची मर्यादा आहे. पन्नासाव्या हिश्शाची प्रतिकृती केली की लाटा आणि पातळी जुळाव्यात म्हणून वेग सात पटींनी कमी ठेवावा लागतो, आणि मग रेनॉल्ड्झ अंक साडेतीनशे पटींनी घसरतो. वाळूचे कण तर पन्नास पटींनी बारीक करताच येत नाहीत, त्यांचा चिखल होतो. संगणकाला रेनॉल्ड्झ अंकाची अडचण नाही, त्याची अडचण खणांची. म्हणून तिथे आता दोन्ही शेजारी शेजारी चालतात, आणि ते शहाणपणाचं आहे. दोघांच्या चुका वेगवेगळ्या जागी होतात. दोघांचं उत्तर जुळलं तर विश्वास ठेवायला काही आधार मिळतो.

काहीही न सोडता, अख्ख्या विमानाभोवतीचा किंवा मोटारीभोवतीचा प्रवाह संगणकावर कधी काढता येईल, याचा अंदाज स्पालार यांनी 2000 साली मांडला होता. त्यांनी साल दिलं 2080. तोवर भारतात नदीतल्या पुलाचा पाया किती खोल न्यायचा याची सुरुवात होते ती 1930 च्या सुमारास जेराल्ड लेसी यांनी कालव्यांच्या निरीक्षणांवरून बसवलेल्या सूत्राने. त्यातून येणारी खोली पुराच्या पातळीपासून मोजायची, खांबासाठी ती दुप्पट करायची, आणि पाया त्याच्याही खाली आणखी निदान एक-तृतीयांश न्यायचा.